फुगवट्यावरचे रडार

सावदा, ता. रावेर
सोमवार, १६ ऑक्टोबर १९८९

तीर्थरूप आधारनाना,

पायांवर डोके ठेवतो. (डोक्याला मागच्या अंगाला लिंबाएवढे टेंगूळ आले आहे, ते कशाने ते पुढे येईलच, तूर्त आशीर्वादाचा हात जरा पुढच्या बाजूने ठेवावा.) आम्ही इकडे खुशाल आहोत. बेबा बरी आहे आणि काकूंना नमस्कार सांगते. नर्मदाकाकूंनी थंडीच्या आधीच गुडघे शेकायला सुरुवात केली असेल तर उत्तम, केली नसेल तर माझे नाव सांगून करायला लावावी. आपल्या दुकानात सध्या निवांत असेल असे धरून चालतो. एकदा पाऊस उघडला की विहिरीवरच्या मोटारी चालू होणार, चालू झाल्या की जळणार, जळल्या की नवी तार भरायला आपल्याकडे येणार, आणि मग महाशिवरात्रीपर्यंत आपण कोणाचे पत्र फोडत नाही. म्हणून त्याच्या आत हे हाती पडावे अशी खटपट. पत्र लांबले आहे. चहा मांडूनच बसावे.

आपले कार्ड मिळाले. त्यात एकच ओळ होती, "दुकान पंधरा दिवस बंद का?" ही बातमी सावद्याहून धुळ्याला कोणी पोचवली ते विचारत नाही. (केळीची एक गाडी धुळ्यावरून गेली की तिच्याबरोबर सावद्याच्या चार बातम्या जातातच.) उत्तर एका ओळीत द्यायचे तर, मी बोटीवर होतो. हे वाचून आपण चष्मा पुसायला काढाल, याची कल्पना आहे. समुद्र आपल्या दोघांनाही सारखाच परका. पण आपण मला पंधराव्या वर्षी सोल्डरिंगची इस्त्री हातात दिली, आणि पहिल्याच दिवशी सांगितले की "बठ्ठं देखी ले, मंग हात लाव." आधी सगळे बघून घ्यायचे, हे मी कसे विसरलो आणि त्याची शिक्षा काय झाली, ते आपल्याला नाही तर कोणाला सांगू?

माझा मेहुणा कौतिक आपल्याला माहीत आहे, बेबाचा थोरला भाऊ. पंधरा वर्षे नौदलात काढून दोन वर्षांपूर्वी घरी आला. तो जहाजावर स्वयंपाकी होता, हे गावात लहानथोर सगळ्यांना पक्के ठाऊक होते. हे मुळात कोणी उठवले ते कळत नव्हते, पण बातमी इतकी मुरली होती की लग्नकार्यात भाजीला मीठ कमी-जास्त झाले तर लोक पळी घेऊन कौतिकभाऊंना शोधत यायचे, आणि ते बिचारे चव घेऊन सांगायचे. खरे काम वेगळे होते. जहाजाच्या पोटात एक अंधारी खोली असते, तिथे रडारची काच असते. त्या काचेसमोर बसायचे आणि वरच्या साहेबाला सांगायचे, अमुक दिशेला अमुक मैलावर काहीतरी आहे, ते इकडे येते आहे की तिकडे जाते आहे. पंधरा वर्षे हेच. कौतिकभाऊ म्हणतात की त्यांनी समुद्र डोळ्यांनी फारसा पाहिलाच नाही, काचेतच पाहिला.

तर या माणसाने गेल्या वैशाखात मुंबईच्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थाकडून शिडाची बोट घेतली. सोळा हात लांब, सागवानी, आणि डोलकाठीवर स्वतःचे छोटे रडार असलेली. ती आणली कशी, तर केळीच्या ट्रकने. आपले ट्रक मुंबईला भरून जातात आणि येताना रिकामेच येतात, त्यातल्या एकात केळीच्या पानांचा बिछाना करून बोट निजवली, डोलकाठी मागे बाहेर काढून तिला लाल फडके बांधले, आणि निघाले. वाटेतल्या एका जकात नाक्यावरच्या कारकुनाने दोनदा प्रदक्षिणा घातली, कोणत्या सदरात लिहायचे ते सुचेना, शेवटी त्याने विचारले की ही चालते कशावर. वाऱ्यावर म्हटल्यावर त्याने वही मिटली आणि हात जोडले. बोट तापीच्या धरणाच्या फुगवट्यात उतरवली. बोटीखाली अठरा हात पाणी, आणि पाण्याखाली माझ्या सासऱ्यांची जुनी वावरे.

सासरे म्हणजे तोतारामआबा. वय चौऱ्याहत्तर, केळीतले जाणते, बोलणे थोडे आणि टोचणारे. वावरे पाण्याखाली गेली तेव्हा त्यांनी तक्रार केली नव्हती, वरच्या अंगाला नवी लागण केली. पण बोट पाहिली आणि म्हणाले, "पान्यानं वावर नेलं, आता पोरगं बी नेलं." त्यानंतर ते मुलाशी बोलायचे ते बेबाच्या मार्फत. शेवटी पोळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना ओट्यावर बोलावले आणि निकालच दिला.

"तू पंधरा वर्सं काय पाहत व्हता, ते मले एकदा दाखव," ते कौतिकभाऊंना म्हणाले. "दसऱ्यापावेतो मुदत. दाखवलं तं बोट ठेव. नही तं इकून टाक अन केळीले लाग."

"दाखवतो आबा. उद्याच दाखवतो."

"उद्या नको. दसऱ्याले. चांगल्या दिवशी पाहीन."

गिऱ्हाईक त्यांनी आधीच पाहून ठेवले होते. जळगावचे रुपचंदशेठ बोटीचे सागवान बघून गेले होते, त्यांना दिवाणखान्यात झोपाळा करायचा होता. कौतिकभाऊ हसले. रडार श्रावणात ठणठणीत चालले होते, मी स्वतः पाहिले होते. महिनाभराची मुदत म्हणजे खेळ. त्या संध्याकाळी सहज म्हणून आम्ही ते चालू केले, तर काच हिरवी उजळली, मधून निघणारा उजेडाचा काटा घड्याळासारखा गरगर फिरायला लागला, आणि काचेत काहीही नाही. काठ नाही, टेकड्या नाहीत, सातपुडा नाही. श्रावणात सगळा खानदेश दाखवणारी काच शेवाळलेल्या डबक्यासारखी.

आता रडार म्हणजे काय ते आपल्यापुरते सांगतो, कारण मला स्वतःला ते समजायला आठ दिवस लागले आणि समजल्यावर मी रात्री नीट जेवलो नाही. आपण आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. रेडिओ दुसऱ्याने मारलेली हाक पकडतो. हे यंत्र स्वतःच हाक मारते आणि स्वतःच कान लावून बसते. डोलकाठीवर परातीएवढी, वर फुगलेली फायबरची पांढरी टोपी असते. (गावात तिला टोपीच म्हणतात, मीही तेच लिहितो.) तिच्या आत एक आडवी पट्टी फिरते आणि सेकंदाला हजार वेळा विजेची हाक मारते. ती हाक सातपुड्यापर्यंत जाते, डोंगराला लागते आणि परत येते. किती वेळात, तर नाना, सेकंदाचे दहा हजार तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्यात. तेवढ्या वेळात हे यंत्र ओळखते की डोंगर दहा मैलांवर आहे, साडेनऊवर नाही. आणि एवढे सगळे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. मी दुकानातल्या खुर्चीत बसून हा हिशोब पुन्हा पुन्हा घातला, आणि समोर दुरुस्तीला आलेल्या टीव्हीकडे बघायची मला लाज वाटू लागली.

पण हाताला काम मिळाले होते. कौतिकभाऊंना काच वाचता येते, उघडता येत नाही. नौदलात वाचणारा वेगळा आणि उघडणारा वेगळा. ("वर काय फिरतं ते पाहायला आम्ही कधी गेलोच नाही," हे त्यांचे वाक्य पुढे फार महागात पडले.) म्हणून दुकानाला कुलूप लावून मी मीटर, इस्त्री आणि डबा घेऊन बोटीवर गेलो. आधी बॅटरी पाहिली, भरलेली होती. तरी दुसरी आणली. फ्यूज काढून घासून बसवले. डोलकाठीतून खाली येणारी केबल हातभर हातभर करून तपासली, एका जोडात ओल होती, तो जोड कापून नवा केला आणि मला वाटले झाले. नाही झाले. यंत्राच्या तोंडावर एक छोटा काटा आहे, हाक मारली जाते आहे की नाही ते तो सांगतो. काटा अगदी जिथे हवा तिथे. म्हणजे हाक मारते आहे. मग ऐकत नाही म्हणावे, तर ऐकायची बाजू मी तीन दिवस उघडून बसलो. एकेक जोडणी, एकेक ट्रान्झिस्टर. सगळे चांगले. नाना, बिघडलेले यंत्र मला कधी भ्यायला लावत नाही, पण यात बिघडलेले काही सापडतच नव्हते आणि तरी ते आंधळे होते. असे काम मी आजवर पाहिले नव्हते.

सोबत चौऱ्याऐंशी पानांचे इंग्रजी पुस्तक होते. शेवटचे प्रकरण बिघाडांचे, ते आम्ही दोघांनी मिळून नऊ वेळा वाचले. बेबा म्हणाली की एवढ्यात पोथीचे पारायण झाले असते आणि पुण्यही लागले असते. त्यातच एकदा मी वाकून तारा बघत असताना वारा फिरला, शिडाचा आडवा दांडा मागून आला आणि माझ्या डोक्याला लागला. टेंगळाचा खुलासा झाला. बोट राखायला झुलाल नावाचा मच्छीमार ठेवलेला आहे, मूळचा शिंदखेड्याकडचा, तो शांतपणे म्हणाला, "पाहुणा, बोट तुम्हले ओळखस नही अजून." पितृपक्ष गेला, घट बसले. रुपचंदशेठचा माणूस मापाची फीत घेऊन आला आणि झोपाळ्याची फळी कुठून निघेल ते बोटीवर खडूने आखून गेला. कौतिकभाऊंनी त्या खुणा पुसल्या नाहीत. ते काचेसमोर बसून राहायचे, पंधरा वर्षांची सवय, फक्त आता काचेत काही नव्हते. तो माणूस खचला हे मला त्या खडूच्या रेघांवरून कळले.

सहाव्या माळेच्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "पाहुणे, हे पाहा. एका फाकेत काहीतरी दिसतंय." मी रबरी झापडीत तोंड घातले. (काचेवर ऊन पडू नये म्हणून तिला तोंड घालायची झापड असते, दोन तोंडे मावतील एवढी रुंद.) खरेच, मागच्या अंगाला, मोसंबीच्या एका फोडीएवढ्या जागेत, अंधुक का होईना, काठ दिसत होता. बाकी सगळे शेवाळ. मी म्हटले आतला कोणता तरी भाग गरम झाल्यावर चालत असेल.  कौतिकभाऊंनी झुलालला बोट बांबूने ढकलून गोल फिरवायला सांगितली. बोट फिरली, पण फोड आपल्या जागी राहिली, मागच्याच अंगाला. मात्र तिच्यातले चित्र बदलले. काठ गेला, पंपाचा मनोरा आला, मनोरा गेला, टेकडी आली. जणू अंधाऱ्या खोलीत दाराला एक फट आहे, आणि खोलीच फिरवली की फटीतून वेगवेगळी घरे दिसतात.

"म्हणजे यंत्र पाहतंय," ते म्हणाले. "त्याच्या डोळ्यावर काहीतरी आहे. अन ते बोटीलाच चिकटलेलं आहे."

आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिले. डोलकाठीवर टोपी उन्हात लखलखत होती. मागच्या बाजूला शिडाचा दोर तिला घासत होता, आणि घासून घासून चार बोटे रुंदीचा रंग उडाला होता. बाकी टोपी चांदीसारखी. झुलाल बांबूवर हनुवटी टेकवून म्हणाला, "भाऊ, पोयाले तुम्हीनच रंग लाया ना? त्या रोजपाईन ते आंधयं शे."

त्या दिवसापासूनच आंधळे, आणि नाना, रंग मीच लावला होता. पोळ्याच्या सकाळी आबांच्या बैलांची शिंगे रंगवायला मी ॲल्युमिनियमच्या रंगाचा डबा नेला होता. शिंगे झाली, डब्यात रंग उरला. सण असा की नांगराला, वखराला, गाडीच्या जुवालाही काहीतरी लागतेच, मग ज्याच्यावर घरातल्या माणसाचा जीव आहे ती बोट तेवढी कोरी का ठेवायची? आणि त्यात माझा धंदा आडवा आला. सावद्याच्या निम्म्या घरांवरचे टीव्हीचे ॲन्टेना मी बसवलेले आहेत, ते गंजू नयेत म्हणून दरवर्षी मी त्यांना हाच रंग देतो, आणि रविवारी सकाळी सगळ्यांना चित्र लख्ख दिसते. ॲन्टेनाला चांदी चांगली, असे डोक्यात बसलेले. पण टीव्हीचा ॲन्टेना उघडा असतो, रंग त्याच्या अंगावर बसतो. रडारचा टोपीच्या आत असतो, आणि मी त्याच्याभोवती धातूचा पडदा उभा केला. डोलकाठीवर चढून, एका हाताने लटकत, मी अडीच तास खपून टोपीचा कण न् कण रंगवला होता. कौतिकभाऊ खालून बघत होते. म्हणाले होते, "वा पाहुणे, चंद्रच बसवला." पुस्तकात पाहिले तर सहाव्या पानावर, बसवणीच्या प्रकरणात, ठळक अक्षरात लिहिलेले, टोपीला धातूचा रंग लावू नये. बसवणीचे प्रकरण आम्ही वाचले नव्हते, कारण रडार आधीच बसवलेले होते.

मी वर चढलो. टर्पेंटाइन, चिंध्या आणि नखे. उतरवायला रंगवण्याच्या तिप्पट वेळ लागला. कौतिकभाऊ खालून मला स्वच्छ चिंध्या देत राहिले. रागावले असते तर बरे वाटले असते.

आणि मग काच उघडली. त्याबद्दल कसे लिहू ते कळत नाही. काटा फिरला आणि त्याच्या मागोमाग फुगवट्याचा सगळा काठ उमटला, वाकणासह, जणू कोणी बोटाने रेघ ओढत चालले आहे. मग टेकड्या, पंपाचे मनोरे, आणि वर, काचेच्या कडेला, सातपुडा, जाड तेजस्वी पट्टा. काटा पुढे गेला की मागचे विझत जायचे, पुन्हा आला की पुन्हा उमटायचे. तीन सेकंदांत सगळे जग मालवून नवे करायचे, असे चालले होते. झुलाल आपल्या डोंगीत बसून दूर गेला, तर तोही एक तांदूळ होऊन काचेत सरकू लागला. मी त्याला हात केला, आणि मग लक्षात आले की आपण काचेला हात करतो आहोत. इतकी वर्षे मी लोकांच्या घरात दूरची चित्रे आणून दिली, पण समोरच्या पाण्यावर, डोंगरावर, माणसावर स्वतःची हाक पाठवून "तू आहेस का" विचारणारे आणि प्रत्येकाकडून "आहे" ऐकणारे यंत्र मी प्रथमच पाहिले. माझ्या अंगावर काटा आला. रंगाचा वास हाताला येत होता, तरीही.

दसऱ्याला दुपारी आबा आले. स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी, हातात काठी. काठावर अर्धे गाव, कारण सण, आणि कारण स्वयंपाक्याची परीक्षा. झुलालने आबांना उचलूनच बोटीत घेतले. ते बसले, झापडीत तोंड घातले आणि तसेच राहिले. कौतिकभाऊ शेजारी उकिडवे बसून, झापडीच्या दुसऱ्या कडेने आत बघत सांगत होते, हा काठ, हा मनोरा, हा सातपुडा. आबा हूं की चूं नाही. पाच मिनिटे, दहा मिनिटे. 

साडेतीनला कौतिकभाऊंचा आवाज बदलला. काचेच्या पश्चिमेच्या कडेला कापसाच्या बोंडासारखे काहीतरी उमटले होते, फुललेले, कडा विस्कटलेल्या. पश्चिमेला ऊन डोळ्यांवर येत होते, नुसत्या नजरेला काही दिसत नव्हते. "आबा, पाऊस आहे. चौदा मैलांवर." त्यांनी झापडीखालून हात घालून मेणाच्या पेन्सिलीने काचेवर खूण केली. सहा मिनिटांनी दुसरी. आणखी सहा मिनिटांनी तिसरी. खुणांमधले अंतर बोटांनी मोजले आणि हिशोब झाला. "दर सहा मिनिटांना दोन मैल. चार वाजून बारा मिनिटांनी इथे येईल." झुलालने ते काठावर ओरडून सांगितले. लोक खो-खो हसले. काठावर शेंगा विकायला बसलेल्या एकट्या सुंदरबाईने तेवढी आपल्या भुईमुगावर ताडपत्री ओढली. "रांधनाऱ्याचं का असे ना, आयकून ठेवावं," असे ती म्हणाल्याचे नंतर कळले.

आबांनी तोंड झापडीतून काढले नाही. फक्त आतूनच मला विचारायचे, "जावईबापू, किती वाजले?" मी सांगायचो. तीन छप्पन. चार चार. चार दहाला वारा पडला. पाणी काचेसारखे झाले. मग पश्चिमेकडून फुगवट्यावर एक करडी रेघ धावत आली आणि तिच्यामागे आवाज. पहिला थेंब माझ्या घड्याळावर पडला तेव्हा चार वाजून तेरा मिनिटे झाली होती. कौतिकभाऊ ओशाळून म्हणाले, "एक मिनिट चुकलं, आबा." हस्त नक्षत्राने जाता जाता हात मोकळा सोडला. काठावरचे लोक शेंगा, टोप्या, पोरे सावरत पळत होते, आणि ताडपत्रीपाशी सुंदरबाई एकटीच कमरेवर हात ठेवून उभी होती.

आबा भिजत बसले होते. तोंड झापडीतून काढून म्हणाले, "पंधरा वर्सं तू हेच करत व्हता?"

"हो, आबा."

"अन मी लोकायले सांगत व्हतो का तू भात रांधतो."

नाना, म्हणजे ती बातमी घरातलीच होती. कौतिकच्या पहिल्या पत्रात काय लिहिले होते ते आबांना समजले नव्हते, कोणाला विचारणे बरे दिसेना, म्हणून त्यांनी समजेल असे काम त्याला दिले. मग ते हात टेकत उठले आणि म्हणाले, "बोट इकायची नही. शेठले म्हना, झोपाया जंगलात पाहा." कौतिकभाऊ पावसात तोंड वर करून उभे राहिले. पाऊस कशासाठी चांगला असतो ते मला तेव्हा कळले.

दुकान दसऱ्यानंतर उघडले आहे. टीव्ही साचले आहेत. ॲन्टेना रंगवणे मात्र थोडे दिवस झेपणार नाही. काकूंना नमस्कार, आणि चुकले असेल ते माफ असावे, म्हणजे रंगाचे.

आपल्याच हाताखालचा,
जीवराम

ता. क. १. हे पत्र टपालाने येत नाही, आबांच्या हातून येत आहे, हे आपल्याला दारात ते उभे राहिलेले पाहून कळलेच असेल. त्यांच्याजवळ फडक्यात बांधलेली एक डबी आहे. रडारचा नाजूक पार्ट बिघडला आहे, तो फक्त आधारनानाच तपासू शकतात आणि भरवशाच्या माणसाच्या हातूनच पाठवायला हवा, असे मी त्यांना सांगितले आहे. डबीत आपल्याच दुकानातून मी पूर्वी आणलेला, केव्हाच मेलेला रेडिओचा व्हॉल्व्ह आहे. तो ठेवून घ्यावा आणि आबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. सरळ सांगितले तर ते येणार नाहीत. डोळे दाखवा म्हणून बेबा दोन वर्षे सांगते आहे. एवढ्या विनंतीसाठी एवढे पत्र लिहावे लागले.

ता. क. २. डोळे इतके गेल्याचे मला कसे कळले ते लिहायचे राहिले. दसऱ्याला घरी परत येताना ट्रॅक्टरवर आम्ही दोघेच होतो. आबा म्हणाले, "जावईबापू, त्या काचात काय व्हतं, ते सांगा बरं." मी म्हटले आबा, आपण तर पाऊण तास पाहत होता. तर म्हणाले, "मले काय दिसतं? हिरवं हिरवं शेवाय. पोराचा आवाज आयकत व्हतो. त्यानं सांगितलं तव्हाच पानी आलं, मंग अजून काय पाहाचं?"  घर येईपर्यंत मी त्यांना काठ, मनोरे, सातपुडा, तांदळाएवढा झुलाल सगळे सांगितले, आणि त्यांनी दोनदा ट्रॅक्टर हळू घ्यायला लावला. कौतिकला हे सांगायचे नाही, अशी शपथ घातली आहे. "तो म्हनीन बापानं दया केली." तेव्हा नाना, आपणही सांगू नये.

ता. क. ३. हे एस. टी. स्टँडवर, आबांच्या पिशवीवर कागद ठेवून पेन्सिलीने लिहितो आहे, अक्षर सांभाळून घ्यावे. धुळ्याची गाडी लागली आहे, पुना नावाचा तिचा कंडक्टर ओळखीचा आहे, तो त्यांना आपल्या दारापर्यंत आणून सोडेल. पाकीट चिकटवत होतो तर आबा म्हणाले, "जाड हाये चिठ्ठी. डाक्टर सकायी बसतो का दुपारी, ते लिहलं का?" मी म्हटले, कोणता डॉक्टर, आबा. म्हणाले, "ही डबी खरंच रडारची असती तं कौतिकनं मले तिले हात लावू देल्ला नसता." मी पाकीट उघडले. ते म्हणाले, "लिही नानाले. हस्त गेला, चित्रा चालू हाये, आठ दिवसांनी स्वाती लागते. स्वातीचं पानी मले काचात पाह्याचं. तेवढ्यात डोया मोकया कर म्हना." एवढ्या घाईत डोळा होत नाही हे मी सांगून पाहिले. तर म्हणाले की डॉक्टरला नक्षत्र सांगितले की तो समजेल. तेव्हा नाना, डॉक्टरांना स्वाती नक्षत्र समजावून सांगणे आपल्याकडे लागले.